आवाज मार्ताचा, गाणं कुणाचं? एका हंगेरियन लोकगायिकेच्या १९९५ ते ९७ या वर्षांचा प्रकरण अभ्यास

इंग्लिश पेशंट सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना सुरुवात आठवत असेल. कागदावर एक ब्रश फिरतोय, पोहणाऱ्या माणसांची चित्रं उमटतायत, आणि मागे एक बाई गातेय, साथीला काहीच नाही, नुसता आवाज. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते अरबी वाटलं होतं. गंमत म्हणजे सिनेमातल्या नायिकेलाही तसंच वाटतं आणि नायक तिला सांगतो की हे हंगेरियन लोकगीत आहे, लहानपणी त्याची दाई म्हणायची. तो आवाज मार्ता शेबेश्त्येनचा. हंगेरीत आडनाव आधी लावतात त्यामुळे तिकडे ती शेबेश्त्येन मार्ता, आपण इथे मार्ताच म्हणू.

तिचं सगळं चरित्र मी इथे सांगत बसणार नाहीये. एकच परिस्थिती घेतोय, ती अशी की वीस वर्षं खेड्यातल्या म्हाताऱ्यांची गाणी शिकून गाणाऱ्या बाईचा आवाज १९९५ ते ९७ मध्ये अचानक तिच्या बँडपासून आणि त्या गाण्यांच्या गावांपासून सुटून जगभर गेला, तेव्हा तिच्यापुढे कोणते रस्ते होते, तिने कोणता धरला आणि कुठे काय राहून गेलं. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं कारण लोकसंगीत गाणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते.

पार्श्वभूमी

मार्ताचा जन्म १९५७ चा, बुडापेस्टचा. आई संगीत शिकवायची, झोल्तान कोदायची विद्यार्थिनी. कोदाय आणि बेला बार्तोक या दोघा हंगेरियन संगीतकारांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोनोग्राफ पाठीवर टाकून खेडी पालथी घातली, मेणाच्या नळकांड्यांवर शेतकऱ्यांची गाणी भरून आणली, आणि १९०६ साली दोघांनी मिळून वीस हंगेरियन लोकगीतांचं पहिलं पुस्तक काढलं. त्याआधी शहरातली माणसं हंगेरियन लोकसंगीत म्हणून जे ऐकायची ते बहुतेक हॉटेलात वाजणारं, लिहून तयार केलेलं संगीत होतं. खेड्यात काहीतरी वेगळंच जुनं चालू आहे हे या दोघांनी दाखवलं.

पण संग्रहात जाऊन बसलेलं गाणं आणि माणसाच्या तोंडात असलेलं गाणं यात फरक असतोच. कम्युनिस्ट राजवटीत सरकारी लोकनृत्य पथकं होती, झगमगीत कपडे, मोठे स्टेज, रशियन पद्धतीची कवायत, आणि लोकं खुर्चीत बसून बघणार. याला कंटाळलेल्या पोरांनी ६ मे १९७२ ला बुडापेस्टमध्ये लिस्त फेरेन्त्स चौकातल्या बुक क्लबात पहिलं तान्त्सहाज भरवलं. तान्त्सहाज म्हणजे शब्दशः नाचघर. ट्रान्सिल्व्हेनियात सेक नावाच्या गावात तरुण पोरं-पोरी नाचायला एखादं घर भाड्याने घ्यायची, वाजवणारे कोपऱ्यात बसायचे, त्यावरून हे नाव. बेला हल्मोश आणि फेरेन्त्स शेबो वाजवायला होते, नृत्य अभ्यासक द्यॉर्द्य मार्तिन पाठीशी होते. यात प्रेक्षक असा नाहीच, आलात की नाचायचं.

सेकचा तो बाज जवळून बघण्यासारखा आहे. एक व्हायोलिन, एक बास, आणि मध्ये कोंत्रा, म्हणजे तीनच तारा असलेला व्हायोला. त्याची घोडी नेहमीसारखी गोल नसते, वरून सपाट कापलेली असते, त्यामुळे गज एकाच वेळी तिन्ही तारांवर घासतो आणि सूर एकेकटा न येता आख्खा झुबका येतो, तोही ठोक्याबरोबर धक्के देत. हे वाद्य शहरातल्या संगीतशाळेत कुणी शिकवत नव्हतं, त्या गावातल्या वाजवणाऱ्याच्या बाजूला बसूनच ते शिकावं लागे.

आणि ते गाव होतं रोमेनियात. १९२० च्या त्रियानों तहात ट्रान्सिल्व्हेनिया रोमेनियाकडे गेला, तिथले हंगेरियन भाषिक तिथेच राहिले. तिथला हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात तर १९७४ पासून परदेशी माणसाने कुणाच्या घरी मुक्काम करायला बंदी, अगदी जवळचे नातेवाईक सोडून. म्हणजे म्हातारीकडे गाणं शिकायला गेलात आणि रात्री तिच्याकडेच राहिलात तर अडचणीत तीच येणार. त्या भागातलेच झोल्तान कल्लोश गावोगाव फिरून गाणी जमवायचे, बुडापेस्टच्या पोरांचा ते मोठा आधार होते. हंगेरीतल्या सरकारचं धोरण असं होतं की काही कलांना पाठिंबा द्यायचा, काही सहन करायच्या, काहींवर बंदी. तान्त्सहाज सहन करायच्या खात्यात होतं.

या वातावरणात मार्ता वाढली. पंधरा वर्षांची व्हायच्या आत चळवळ सुरू झाली होती, ती आधी शेबो-हल्मोश यांच्याबरोबर गायली, मग १९८० च्या सुमारास मुझिकाश या बँडबरोबर. मुझिकाशची सुरुवात १९७३ ची. मध्येच १९८३ ला हंगेरीत प्रचंड गाजलेल्या इश्त्वान राजावरच्या रॉक ऑपेरातही ती गायली, म्हणजे लोकगायिका म्हणून एका कोपऱ्यात बसून राहायचं असं तिचं कधी नव्हतं.

अडचण कुठे सुरू झाली

पहिली चाहूल कव्हरवर लागली असं मला वाटतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हॅनिबल या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, मुझिकाशचं संगीत पश्चिमेत आणलं, त्यामागे जो बॉइड हे निर्माते. वर्ल्ड म्युझिक हा शब्द नुकताच बाजारात आला होता, दुकानदाराला ओळखू येईल असा एक चेहरा हवा असायचा. मग एका रेकॉर्डवर मुझिकाश आणि सोबत मार्ता, तर दुसऱ्यावर मार्ता आणि सोबत मुझिकाश. नावांचा क्रम एवढीच गोष्ट, पण तान्त्सहाजमध्ये जिथे वाजवणारे कोपऱ्यात आणि नाचणारे मध्ये, तिथून आलेल्या लोकांसाठी हा क्रम छोटा नव्हता.

खरी गोष्ट १९९५ ची. डीप फॉरेस्ट नावाची फ्रेंच जोडी, एरिक मुके आणि मिशेल सांचेझ. त्यांच्या बोहेम या अल्बमवर मार्ताज साँग म्हणून ट्रॅक आला, मार्ताच्या रेकॉर्डिंगमधला आवाज घेऊन त्याखाली सिंथ आणि ड्रम. ट्रॅक चालला. फेब्रुवारी १९९६ ला बोहेमला वर्ल्ड म्युझिकचं ग्रॅमी मिळालं, ते अर्थातच डीप फॉरेस्टला. आणि त्याच वर्षी सिनेमा आला, मार्च १९९७ ला त्याला नऊ ऑस्कर, त्यात पार्श्वसंगीताचं ऑस्कर गाब्रिएल यारेद यांना.

आता डीप फॉरेस्टचा आधीचा इतिहास बघा. १९९२ ला त्यांचं जे गाणं जगभर गाजलं ते सॉलोमन बेटांवरचं अंगाईगीत होतं, ह्यूगो झेम्प या अभ्यासकाने १९७० च्या आसपास अफुनाक्वा नावाच्या बाईकडून ते रेकॉर्ड केलं होतं, युनेस्कोच्या मालिकेत ते निघालं होतं. त्या वापरावरून पुढे मोठा वाद झाला आणि खुद्द झेम्पनी त्याबद्दल उघड तक्रार लिहिली. म्हणजे मार्ताचं गाणं आलं त्याच सुमारास हा प्रश्न हवेत होता. मार्ताची बाजू अफुनाक्वापेक्षा पुष्कळ भक्कम, ती व्यावसायिक गायिका, पाठीशी लेबल, नाव तर थेट ट्रॅकच्या शीर्षकात. तरी शीर्षकात फक्त मार्ता, आडनाव नाही, गाव नाही, भाषा नाही.

आणि मार्ताज साँगमधलं ते गाणं कशाचं आहे हे कळल्यावर तर मला बराच वेळ काही सुचेना. ते रोमेनियाच्या मोल्दाव्हिया भागातल्या चांगो लोकांचं आहे, कार्पेथियन डोंगरांच्या पलीकडे राहणारे हंगेरियन बोलणारे कॅथलिक. लग्न होऊन गेलेली मुलगी देवाला सांगतेय की पाण्याला पूर आण, मला वाहून वडिलांच्या दारात ने, दारातून आईच्या टेबलावर ने, म्हणजे आईला कळेल तिने मला कुणाच्या घरी दिलं. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही, सासुरवाशीण आहे ती आणि तिला माहेरी जायचंय, मग मेलेलं का होईना. आणि या ओळींवर युरोपभर लोक डिस्कोत नाचले.

संगीताच्या अंगानेही एक गोष्ट घडली. हंगेरियन लोकगीतांच्या जुन्या थरात गाणं ठोक्यात बांधलेलं नसतं. बार्तोक त्याला पार्लांदो-रुबातो म्हणायचे, म्हणजे बोलल्यासारखं, शब्द जिथे थांबेल तिथे सूर थांबणार, जिथे गळा भरून येईल तिथे लांबणार. ते चार ठोक्यांच्या ड्रमवर बसवायचं तर कुठेतरी कापावं लागतं, कुठेतरी ताणावं लागतं. जे लांबवणं मार्ताने वर्षानुवर्षं ऐकून ऐकून उचललं होतं नेमकं तेच कॉम्प्युटरच्या घड्याळाला जुळवून घ्यावं लागतं. ऐकायला छान लागतं, मी खोटं बोलणार नाही, मला तो ट्रॅक आवडतो. पण मूळ ऐकल्यावर कळतं की काय गेलंय.

पर्याय काय होते

इथे मी मार्ताच्या मनातलं सांगत नाहीये, तिच्या जागी कुणीही असतं तर टेबलावर काय काय होतं तेवढं मांडतोय.

सरळ नाही म्हणणं हा एक रस्ता. पण इथे रेकॉर्डिंगच्या हक्कांचं गणित समजून घ्यायला पाहिजे. एका रेकॉर्डमध्ये दोन वेगळे हक्क असतात, एक रचनेचा आणि दुसरा त्या ध्वनिमुद्रणाचा. लोकगीताला रचनाकार नाही, त्यामुळे पहिला हक्क कुणाचाच नाही, म्हणजे ज्या गावाने ते गाणं दोनशे वर्षं जिवंत ठेवलं त्याचाही नाही. दुसरा हक्क साधारण लेबलकडे असतो. गायिकेच्या हातात करारात जे लिहिलं असेल तेवढंच. त्यामुळे गायिका नाही म्हणाली तरी ते नाही कितपत चालेल हे तिने दहा वर्षं आधी कशावर सही केली त्यावर ठरतं. आणि नाही म्हटलं तर ते गाणं ज्यांनी कधीच ऐकलं नसतं अशा लाखो कानांना ती मुकणार, हेही खरं.

दुसरा रस्ता अगदी उलट, लाट आलीय तर स्वार व्हायचं. बँड सोडायचा, इलेक्ट्रॉनिक अल्बम काढायचा, आवाज मिस्टिक पूर्व युरोप म्हणून विकायचा. ग्रॅमी आणि ऑस्करच्या मधल्या त्या एका वर्षात याला गिऱ्हाईक नक्की होतं. शिवाय मार्ताला प्रयोगाचं वावडं नव्हतंच, १९९२ च्या अल्बमवर संगीतकार कारोय चेरेपेशबरोबर तिने सिंथवर लोकगीतं गायलीच होती, फक्त ते काम तिच्या संमतीने, तिच्याबरोबर बसून झालेलं होतं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, मशीन वापरलं की बाटलं असं काही नसतं, कोण कुणाबरोबर बसून वापरतंय हा प्रश्न असतो.

तिसरा रस्ता म्हणजे जे झालं ते होऊ द्यायचं आणि स्वतःचं काम जिथून आलं तिथेच चालू ठेवायचं, मिळालेल्या प्रसिद्धीचं दार उघडं आहे तोवर त्या दारातून मूळ गोष्ट आत ढकलायची. हा ऐकायला सोपा आणि करायला सगळ्यात कठीण, कारण यात लगेच काहीच मिळत नाही, आणि दोन्हीकडून शिव्या पडू शकतात, शुद्धतावाद्यांना वाटणार ही विकली गेली, कंपनीला वाटणार ही संधी वाया घालवतेय.

काय केलं

मार्ता तिसऱ्याच रस्त्याने गेली असं तिच्या कामावरून दिसतं, आणि चालता चालता दुसऱ्या रस्त्यावरही एक पाय ठेवला, स्वतःच्या अटींवर.

१९९६ ला तिचा एकटीचा अल्बम आला, किस्मत. नाव आपल्या ओळखीचं, मूळ अरबी शब्द, तुर्की वाटेने तिकडे पोचला तसा आपल्याकडेही आलेला. निकोला पारोव्ह हा बल्गेरियात जन्मलेला वादक तिच्याबरोबर. यात बल्गेरियन गाणी आहेत, आयरिश आहेत, आणि चक्क एक हिंदी अंगाईगीतही आहे. ज्या वर्षी जग तिला एका सॅम्पलमधला, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डमधून कापून घेतलेल्या तुकड्यातला, अनोळखी आवाज म्हणून ऐकत होतं त्या वर्षी तिने दुसऱ्यांची गाणी स्वतः शिकून, गळ्यातून काढून गायली. काही लोकांना हा अल्बम जरा पसरट वाटतो. मला मात्र यात उत्तर दिसतं, की परक्या गाण्याजवळ जायचं तर शिकून जा.

दुसरीकडे मुझिकाशबरोबरचं काम थांबलं नाही. १९९७ ला त्यांचा पुढचा अल्बम आला आणि १९९९ ला बार्तोकवरचा. हा बार्तोकवाला अल्बम मला या सगळ्या प्रकरणाचा कळस वाटतो. त्यात बार्तोकनी खेड्यात रेकॉर्ड केलेले खरे जुने खरखरणारे आवाज आहेत, त्यांच्याच शेजारी बँड ती धून गावातल्या पद्धतीने वाजवतोय, आणि अलेक्झांडर बालानेस्कू हा व्हायोलिनवादक बार्तोकच्या रचना वाजवतोय. म्हणजे ऐकणाऱ्याला दिसतं की धून कुठून निघाली, कुणाच्या हातातून गेली आणि कुठे पोचली. हेही दुसऱ्याचं रेकॉर्डिंग वापरणंच की! फक्त इथे म्हाताऱ्याचा आवाज ड्रमखाली गाडला नाहीये, त्याला बोलू दिलंय आणि मग त्याच्यामागून सगळे बोललेत.

सिनेमाची गोष्ट मी वेगळी धरतो. तिथे गाणं मोकळं ठेवलंय, ठोका नाही, आणि कथेत हंगेरियन माणूस आहे म्हणून हंगेरियन गाणं आहे. पात्राच्या तोंडून ते काय आहे हे सांगितलंय. दिग्दर्शक अँथनी मिंगेला यांनी ते गाणं गाणं म्हणून वापरलं, आणि यारेद यांनी स्वतःचं संगीत त्याच्या आजूबाजूला विणलं. त्याच दोन वर्षांतले एकाच आवाजाचे हे दोन वापर शेजारी ठेवून ऐकावेत, लेक्चरची गरज उरत नाही.

निकाल

१९९९ ला मार्ताला कोशुत पुरस्कार मिळाला, हंगेरीतला संस्कृतीचा सर्वात मोठा सन्मान. म्हणजे शुद्धतावाद्यांनी वाळीत टाकलं वगैरे झालं नाही. बँडबरोबरची वाट पुढे काही वर्षांनी वेगळी झाली. मुझिकाशबरोबर नंतर मारिया पेत्राश गाऊ लागली, जी स्वतः मोल्दाव्हियातली चांगो आहे, म्हणजे ते पुराचं गाणं ज्यांचं त्यांच्यातलीच. मार्ता छोट्या साथीबरोबर गात राहिली, २००८ ला तिचा जुन्या भक्तिगीतांकडे झुकलेला अल्बम आला, २०१० ला युनेस्कोने तिला शांततेसाठीची कलाकार म्हणून मान दिला. आणि २०११ ला तान्त्सहाजची पद्धत, म्हणजे ते शिकवण्याचं नाचवण्याचं मॉडेल, युनेस्कोच्या चांगल्या जतन पद्धतींच्या यादीत गेलं. ज्याला सरकार नुसतं सहन करत होतं ते चाळीस वर्षांत इथवर आलं.

त्या दोन-तीन वर्षांच्या प्रसिद्धीमुळे किती माणसं तान्त्सहाजपर्यंत पोचली हे मोजता येत नाही. पण सिनेमा बघून, ट्रॅक ऐकून, मग नाव शोधत मुझिकाशपर्यंत आणि तिथून बार्तोकच्या जुन्या रेकॉर्डिंगपर्यंत गेलेला एक माणूस मला पक्का माहितीये, तो मी.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते सगळ्यात मोठी निर्णयाची जागा १९९५ ची नव्हतीच, ती ऐंशीच्या दशकातली होती, करारावर सही करताना. त्यावेळी सॅम्पलिंग एवढं वाढेल हे लोकगायकांच्या डोक्यात नसणारच, त्यामुळे दोष कुणाला देत नाहीये. पण आज कुणी लोकगायक पहिला करार करत असेल तर ध्वनिमुद्रणाचा तुकडा दुसऱ्या कामात वापरायचा असेल तर गायकाला आधी विचारावं लागेल ही एक ओळ त्याने हट्टाने घालून घ्यावी. पैशाआधी ही ओळ. आणि विचारलं की काय विचारायचं तेही ठरवून ठेवावं, शब्दांचा अर्थ तुम्हाला माहितीये का हा पहिला प्रश्न.

दुसरं म्हणजे शीर्षक. मार्ताज साँग. मार्ताचा आवाज आहे, पण गाणं मार्ताचं नाहीये आणि ते तिचं असल्यासारखं नाव दिल्याने दोन्ही बाजू पुसल्या गेल्या, चांगो बायकांचीही आणि मार्ताने शिकण्यात घातलेल्या वर्षांचीही, जणू ती जन्मतःच गात होती. गाण्याची पहिली ओळ आणि प्रदेशाचं नाव एवढं शीर्षकात किंवा कव्हरवर टाकायला एक पैसा लागला नसता. तान्त्सहाजच्या लोकांची सवय बघा, धून कुठल्या गावची हे आधी बोलतात, सेकची, कलोतासेगची, ग्यीमेशची, वाजवायच्या आधी. ती सवय कव्हरपर्यंत पोचवणं शक्य होतं.

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड, गावाचा वाटा. लोकगीताला मालक नाही म्हणून रचनेचे पैसे कुणालाच नाहीत, किंवा ज्याने मांडणी केली म्हणून नोंद केली त्याला. यावर सोपं उत्तर माझ्याकडे नाही. एखाद्या गावातल्या संगीतशाळेला, कल्लोशनी त्यांच्या वालासूत गावी उभारलं तशा केंद्राला, ठरलेला हिस्सा जाईल असं करारातच लिहिता येतं, कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. हे तेव्हाही करता आलं असतं असं मला वाटतं, लेबलला आणि फ्रेंच जोडीला दोघांनाही.

मार्ता आणि मुझिकाशने १९९३ च्या अल्बममध्ये एक गाणं घेतलंय, हंगेरीतल्या ज्यूंचं लाडकं, कोंबडा आरवतोय असं सुरू होतं. किस्मतमध्ये तिने ते परत गायलं. त्याची एक दंतकथा आहे. नाज्यकाल्लो गावचे एक रब्बी रानातून चालले होते, एका धनगर पोराला हे गाणं म्हणताना ऐकलं, थांबले, म्हणाले मला विकत दे. पोराने दोन सोन्याची नाणी घेतली आणि गाणं दिलं. रब्बींना त्याक्षणी गाणं पाठ झालं आणि पोरगा त्याक्षणी ते विसरला. गावाचं नाव कथेत आहे, रब्बींचं आहे, पैसे किती दिले तेही आहे. धनगराचं नाव कुठेच नाहीये.